एकच काम

देवाने मला आयुष्यात एकच काम सांगितलं. बाकीची मी माझ्या मनाने केली, आणि इतकी केली की मंडळीत माझं नाव झालं. चर्चच्या स्वयंपाकघरातली गॅसची पाइपलाइन मी एक पैसा न घेता टाकली. रविवारी खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी मी. कुणी आजारी पडलं, की त्याच्या घरी प्रार्थनेला मी. पाळकसाहेब एकदा उपासनेत म्हणाले, मंडळीत यांच्यासारखी दहा माणसं असती तर बाकीच्यांनी घरी झोपा काढल्या तरी चाललं असतं. लोक हसले, मीही हसलो. ही सगळी धावपळ ते एक काम टाळण्यासाठी आहे, हे फक्त मला माहीत होतं, आणि ज्याने काम सांगितलं त्याला.

काम असं होतं: भावाला खरं सांग.

आमचा धंदा गॅसच्या पाइपांचा. वसतिगृहं, कॅन्टीन, हॉटेलं, जिथे मोठ्या शेगड्या असतात तिथे पाइप टाकून द्यायचे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पाना कसा धरायचा इथपासून सगळं मी त्याच्याकडून शिकलो. त्याची कामाची एक पद्धत होती. प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येतो का ते बघत मनात शंभर मोजायचे, मग फडक्याने जोड कोरडा करून नटावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे तपासलं. पन्नास जोड असले तर पन्नास वेळा शंभर. मी वैतागायचो. गिऱ्हाइकं त्याला ठिपकेवाले म्हणत आणि त्याच्याकडे डोळे झाकून काम देत. लोक असंही म्हणत, की धाकट्याचं काम दिसायला सुरेख आणि मोठ्याचं टिकायला पक्कं. मला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू यायचं.

मुलींच्या एका वसतिगृहाचं काम आम्ही घेतलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी दादाने सगळे जोड तपासले, ठिपके दिले, साबणाची बादली ओतून टाकली आणि कागदावर सही घ्यायला तो खाली ऑफिसात गेला. मी हत्यारं आवरत होतो. आवरताना पाहिलं, तर मोठी शेगडी भिंतीला नीट लागत नव्हती. मागचा पाइप दोन बोटं पुढे आला होता. दिसायला वाईट दिसत होतं. मी नट सैल केला, पाइप जरा वळवला, नट परत आवळला आणि शेगडी मागे सरकवली. अगदी चपखल बसली. फेस लावून बघायला हवं होतं, पण बादली रिकामी होती आणि ब्रश पिशवीत गेला होता. एका नटासाठी कोण परत सगळा पसारा मांडणार? नटावर दादाचा लाल ठिपका तसाच होता. ठिपका खरवडायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दादा वर आला, शेगडीकडे बघून म्हणाला, "छान बसली रे." आणि आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी शेगडी पेटवली आणि मागच्या बाजूने भडका झाला. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जिवावर बेतलं नाही, पण हाताची तीन बोटं पुढे कधी पुरती मिटली नाहीत.

चौकशीला इन्स्पेक्टर आला तेव्हा आम्ही दोघं भाऊ त्या काळ्या झालेल्या भिंतीसमोर उभे होतो. त्याने गळका नट शोधून काढला. काजळी पुसली, तर खाली लाल ठिपका.

"हा कुणाचा?"

"माझा," दादा म्हणाला.

"तपासला होता?"

दादा बराच वेळ त्या नटाकडे बघत राहिला. मी त्याला ओळखतो. तो मनात ती दुपार पहिल्यापासून परत आठवत होता, जोडामागून जोड. "ठिपका आहे म्हणजे तपासला असणार," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण गळतोय. म्हणजे नसेल तपासला. नुसताच ठिपका दिला असेन. विसरलो असेन."

मी हातभर अंतरावर होतो. तोंड उघडलं असतं तर तिथेच मिटलं असतं.  घरी जाताना वाटेत सांगू, असं ठरवलं. वाटेत दादा काही बोलला नाही, म्हणून मीही बोललो नाही. मग म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी मी उठून आवरेपर्यंत दादा गॅसच्या ऑफिसात जाऊन स्वतःचं लायसन्स परत करून आला होता. कुणी मागितलंही नव्हतं. "ज्याला आपण काय तपासलं ते आठवत नाही, त्याने या धंद्यात राहू नये," एवढंच म्हणाला आणि पान्यांची पेटी माझ्याकडे सरकवली.

पुढे तो एका गोदामाच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायच्या कामाला लागला. नंबर लिहायचा आणि गाडी अडवून परत एकदा ताडून बघायचा. घराचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघायचा, अर्ध्या रस्त्यातून नळ बघायला माघारी जायचा. खिशात वही ठेवायला लागला. वहिनी चेष्टेत म्हणायची, "यांना स्वतःच्या नावाचासुद्धा भरवसा राहिलेला नाही, तेही वहीत बघून सांगतील." दर वर्षी त्याच तारखेला तो त्या स्वयंपाकीणबाईंकडे जाऊन माफी मागून यायचा. धंदा मी चालवत होतो आणि तो बरा चालला होता.

देवाचं वाक्य मला पहिल्यांदा आलं ते प्रभुभोजनाच्या रविवारी. आवाज वगैरे काही नाही. भाकर घेण्याआधी आपण आपली परीक्षा करावी, असं पाळकसाहेब म्हणाले, मी डोळे मिटले आणि आत ते वाक्य तयारच होतं. भावाला खरं सांग. त्यात समजायला अवघड असं काहीही नव्हतं. नंतर मी पुष्कळ प्रयत्न केला, की याचा काही खोल अर्थ असेल, पण नव्हता.

मी देवाशी घासाघीस केली. म्हटलं, चर्चच्या स्वयंपाकघराचं काम करून देतो. देव नको म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला तेच वाक्य. म्हटलं, शुक्रवारचा उपास धरतो. धरला, चार वर्षं धरला. वाक्य तेच. मग मी भाकरीचं ताट फिरवायचं काम मागून घेतलं. लोकांना वाटलं, काय सेवाभाव आहे. खरी गोष्ट अशी, की ताट फिरवणाऱ्याने स्वतः घेतलं की नाही हे कुणी बघत नाही. अशा रीतीने मी ती परीक्षाच चुकवत गेलो आणि त्याच हुशारीवर मंडळीचा वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, म्हणून निवडून आलो.

आगीला नववं वर्ष चालू होतं तेव्हाची गोष्ट. पाळकसाहेबांनी मला आज्ञापालनावर बोलायला सांगितलं. मी नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हटलं तर कारण द्यावं लागलं असतं. मी पाऊण तास बोललो, आणि सांगायला लाज वाटते, चांगला बोललो. देव अवघड काहीच मागत नाही, आपण अवघड करून ठेवतो, असं मी म्हणालो. दोन बायका रडल्या. दादा शेवटच्या बाकावर बसून ऐकत होता.

नंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघं कप विसळत होतो. दादा म्हणाला, "छान बोललास. तुझं बरं आहे, तुला देवाचं ऐकू तरी येतं. मला त्या दिवसापासून माझंच काही खरं वाटत नाही." मी नळ जरा मोठा सोडला. दादाचं लक्ष शेगडीमागच्या पाइपाकडे गेलं. तो वाकून बघायला लागला.

"ठिपका देत नाहीस?"

"नाही," मी म्हणालो. "रेघ मारतो."

आगीनंतर मी ही नवी पद्धत सुरू केली होती. नटावर ठिपका न देता नटापासून पाइपापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढायची. का सुरू केली, ते मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. दादाने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे चांगलं आहे," तो म्हणाला. "नंतर कुणी नट हलवला तर रेघ तुटेल. लगेच कळेल." तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. माझ्या हातातला कप मी तीनदा विसळला. त्याच्यासारख्या माणसाला दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो? पण त्याच्या हिशेबात धाकटा भाऊ कुठे नव्हताच. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला हे तेव्हा सुचायला हवं होतं. निदान मी विसरलो ते तरी पक्कं कळलं असतं."

देवाने याहून सोपं करून द्यायचं म्हणजे काय माझ्या तोंडून स्वतः बोलायचं? मी म्हणालो, "चल, उशीर झाला, वहिनी वाट बघत असेल."

त्यानंतर दोन वर्षांनी दादा गोदामातून घरी येताना हरवला. दहा वर्षांचा पायाखालचा रस्ता. बस थांब्यावर बसलेला सापडला, मांडीवर वही उघडी होती आणि तो आपला पत्ता शोधत होता. आम्ही त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, चित्रं काढायला लावली, आकडे उलटे म्हणायला लावले. मग दादाला खाली माझ्या बायकोजवळ बसवून त्यांनी वहिनीला आणि मला आत बोलावलं.

"विसरायला कधीपासून लागले?" त्यांनी विचारलं.

"अकरा वर्षं झाली," वहिनी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. एवढा जुना हा आजार नसणार, म्हणाल्या. "ते स्वतः म्हणतात ते सोडा. तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?" वहिनीला सांगता येईना. ती आठवत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. बाईंनी शांतपणे सांगितलं, की हा आजार बरा होत नाही, पण तीन वर्षांपूर्वी आला असतात तर औषधांनी त्याचा वेग बराच कमी ठेवता आला असता. आता पुष्कळ पुढे गेला आहे.

जिन्यात वहिनी कठडा धरून थांबली. "हे रोजच म्हणायचे हो भावोजी. मी विसरतो, माझं काही खरं नाही. मी हसण्यावारी न्यायचे. खरंच विसरायला लागले, ते मला कळलंच नाही."

तिथे मी सांगितलं. जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत देत. दादा कधीच विसरला नव्हता, नट मी फिरवला होता, हे सांगायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. अकरा वर्षं मी जे डोंगराएवढं करून ठेवलं होतं, ते चार वाक्यांत संपलं.

वहिनी पायरीवर बसली. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही. "मला काय सांगता?" ती म्हणाली. "त्यांना सांगा. आजच. मी समोर बसते."

घरी गेल्यावर दादाला खुर्चीत बसवून मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला, "कुठला नट? भिंतीकडचा?" मी हो म्हणालो. तो डोळे मिटून बसला. त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती. तो मोजत होता. शंभरापर्यंत गेला आणि डोळे उघडून म्हणाला, "म्हणजे मी तपासला होता." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. जुना दादा क्षणभर समोर बसला होता. मग त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"घाबरलो होतो."

तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तो जेवला नाही. मी घरी गेलो. वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, पाठीवरचं ओझंही उतरलं होतं. मी देवाला म्हटलं, झालं बाबा तुझं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला गेलो. दादा खुर्चीत बसला होता. मला बघून त्याला आनंद झाला. "ये, ये. धंदा कसा चाललाय? सांभाळून कर रे. माझ्यासारखं करू नकोस. एक जोड तपासायचा विसरलो, आणि त्या बिचाऱ्या बाईंचा हात भाजला."

मी वहिनीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

सगळं पुसून गेलं होतं. मी खरं सांगितलं होतं तेवढंच नेमकं गेलं होतं, आणि माझं खोटं जिथल्या तिथे होतं. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं, की या आजारात नवं टिकत नाही, जुनं शेवटपर्यंत राहतं. अकरा वर्षांत ते खोटं जुनं झालं होतं.

पुढच्या काही आठवड्यांत मी करायचं ते केलं. गॅसच्या ऑफिसात लेखी दिलं, लायसन्स गेलं. आता एका दुकानात नळ आणि पाइप विकतो. मंडळीसमोर उभं राहून सांगितलं आणि वडीलपण सोडलं. काहीजण अजून माझ्याशी बोलत नाहीत. स्वयंपाकीणबाईंकडे गेलो. त्यांनी दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊ दर वर्षी यायचा. दर वर्षी मी त्यांना म्हणायचे, जाऊ द्या आता. तुम्हाला मी ते म्हणणार नाही." त्यांनी दार लावलं. त्यांचं बरोबर होतं.

पाळकसाहेबांना मी विचारलं, हा आजार माझ्या पापाची शिक्षा आहे का. ते ठामपणे नाही म्हणाले, देव असा एकाच्या पापासाठी दुसऱ्याला धरत नाही. मलाही तसंच वाटतं. आजार देवाने पाठवला नाही. पण तो तीन वर्षं दिसू दिला नाही, तो मी. मग मी विचारलं, दादाला परत सांगू का? ते म्हणाले, "तुम्ही एकदा सांगितलंत. देवाला ते पोचलं. आता रोज त्यांना तोच धक्का कशाला? तुम्ही मोकळे आहात."

मंडळीच्या पाळकाने मला सुट्टी दिली होती. माझ्यासारख्याला आणखी काय हवं? वहिनीही म्हणाली, "नका सांगू आता भावोजी, त्रास होतो त्यांना." मी चार दिवस नाही सांगितलं. रोज सकाळी दुकानाआधी जायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. रोज दादा म्हणायचा, मी विसरलो आणि त्या बाईंचा हात भाजला. चौथ्या दिवशी हे म्हणताना त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तो हात पाठीमागे लपवला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत आली, खुर्ची ओढून बसली आणि मला म्हणाली, "सांगा."

आम्ही कागदावर लिहूनही पाहिलं. मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. दादाने वाचलं आणि फाडून टाकलं. "मला बरं वाटावं म्हणून लिहिलंय कुणीतरी," म्हणाला. कागदाशी भांडता येत नाही. त्याला समोर माणूस लागतो, प्रश्न विचारायला.

म्हणून मी रोज जातो. याला आता सात महिने झाले. काही दिवशी तो शिव्या देतो. एकदा त्याने थोबाडीत मारली, आणि अजून हातात जोर आहे त्याच्या. काही दिवशी नुसता हसतो आणि माझ्या डोक्यावर हात ठेवतो. मी आदल्या दिवशीची माफी दुसऱ्या दिवशी धरून बसत नाही, कारण ती देणारा माणूस उरलेला नसतो. काल सांगितलं होतं, असंही मी कधी म्हणत नाही. तो तोच प्रश्न विचारतो, मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस, आणि मी रोज घाबरलो होतो म्हणून सांगतो. दोनशे वेळा सांगूनही हे उत्तर थोडंसुद्धा बरं वाटायला लागलेलं नाही.

आज सकाळी त्याने ऐकून घेतलं, नट कुठला ते विचारलं, शंभर मोजले. मग म्हणाला, "आता मला कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"सांग, भावाने नट फिरवला. मी विसरलो नव्हतो."

"भावाने नट फिरवला," तो म्हणाला. "मी विसरलो नव्हतो." विसरायला नको म्हणून त्याने ते परत म्हटलं, आणि आणखी एकदा. वहिनीने त्याच्यासमोर ताट ठेवलं तरी तो म्हणतच होता. मी चपला घालून निघालो तेव्हा त्याने मधेच थांबून वहिनीला विचारलं, "भावाने काय केलं म्हणालो मी?"

मी दारातून परत आत आलो आणि त्याच्यासमोर बसलो.